सुपर२ चा २०२४ चा हंगाम : बाथर्स्ट ते ॲडलेड

टॉर्कमास्तर | २१ जानेवारी २०२४

राम राम मंडळी.

शेन व्हॅन गिसबर्गन नॅसकारला गेला, ट्रिपल एट संघात त्याच्या जागी विल ब्राउन आला, गेन३ (तिसऱ्या पिढीच्या) गाड्यांचं दुसरं वर्ष कसं जाणार, यावर सुपरकार्सच्या मुख्य धाग्याची पानंच्या पानं भरली आहेत. सुपर२ चं नाव मात्र त्यात ओझरतंच येतं. म्हणून हा वेगळा धागा. मुख्य मालिकेबद्दल इथे आलं तरी हरकत नाही, पण गाडी फिरून सुपर२ वर आणायची.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातली सुपरकार्स ही पहिल्या फळीची टूरिंग कार मालिका, आणि सुपर२ ही तिच्या खालची. २००० साली सुरू झाली, पहिला विजेता डीन कँटो. प्रायोजक बदलले तशी नावं बदलत गेली, काम तेच राहिलं : वरच्या फळीत वापरून झालेल्या गाड्यांवर तरुण ड्रायव्हर तयार करायचे. मार्क विंटरबॉटम २००३ चा विजेता, स्कॉट मॅक्लॉक्लिन २०१२ चा, कॅम वॉटर्स २०१५ चा, ब्रॉक फीनी २०२१ चा. पुढे हे सगळे वरच्या फळीत गेले, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

यंदा सहा ठिकाणी शर्यती :

बाथर्स्ट, २३ ते २५ फेब्रुवारी
पर्थ (वॉनरू), १७ ते १९ मे
टाउन्सव्हिल, ५ ते ७ जुलै
सँडाउन, १३ ते १५ सप्टेंबर
पुन्हा बाथर्स्ट, १० ते १३ ऑक्टोबर
ॲडलेड, १४ ते १७ नोव्हेंबर

हे वेळापत्रक नीट बघा. हंगाम उघडतोय थेट बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमावर. ६.२१३ किलोमीटरचा फेरा, चढ-उतारातला फरक १७४ मीटर, आणि डोंगरमाथ्यावर दोन्ही बाजूंना भिंती. एरवी तो सार्वजनिक रस्ता, ताशी ६० ची मर्यादा, लोक घरच्या गाड्या घेऊन फिरतात. सुपर२ मध्ये पहिल्यांदा बसलेल्या पोराची पहिली शर्यत तिथे! मॅकफिलामी पार्कवरून स्कायलाइनला येताना पुढचा रस्ता दिसत नाही, तो खाली पडतो आणि गाडी हलकी होते. तिथून एसेस, डिपर, फॉरेस्ट्स एल्बो ही वळणं. उतारावर ब्रेक मारायचा आणि त्याच वेळी वळायचं. मागचं चाक जरा सुटलं की भिंत.

आणि त्यानंतर पर्थपर्यंत जवळजवळ बारा आठवडे काहीच नाही. माझ्या मते यंदाच्या विजेतेपदाचा निकाल या सुट्टीत दडलाय. फेब्रुवारीत गाडी आपटली तर छोट्या संघाला चासी सरळ करून घ्यायला वेळ आहे. पण ज्याचं पहिलंच वर्ष आहे तो तीन महिने गाडीत बसणारच नाही. म्हणजे सुट्टीचा फायदा संघाला आणि तोटा ड्रायव्हरला.

गेल्या वर्षीचा विजेता काय ॲलन ('काय' हे त्याचं नाव, प्रश्न नव्हे) यंदाही सुपर२ मध्येच आहे. माउंट गॅम्बिअरचा पोरगा, १८ व्या वर्षी जिंकला. झॅक बेट्स आहे, कूपर मरे आहे. बोला.

---

कोथरूडचा_काका | २१ जानेवारी

मास्तर, धागा छान. पण मला एक सांगा, ही म्हणजे आपली रणजी झाली का? खाली धावा करा, वर निवड होईल?

---

टॉर्कमास्तर | २१ जानेवारी

काका, ढोबळमानाने हो. मुख्य मालिकेत बसायला सुपरलायसन्स (शर्यतीचा खास परवाना) लागतं आणि ते हाती येण्याचा सरळ रस्ता सुपर२ मधून जातो. ग्रोव्ह रेसिंगने मॅट पेनसारख्या गुणी पोरालाही २०२२ चा हंगाम आधी सुपर२ मध्ये काढायला लावला आणि मग २०२३ ला वर घेतलं.

अजून एक : ट्रॅकवर सुपर२ एकटी नसते. तिच्याखालची सुपर३ पण त्याच शर्यतीत पळते, गुण वेगळे. सुपर३ मध्ये त्याहून जुन्या गाड्या, व्हीएफ कमोडोर, एफजी एक्स फाल्कन, निस्सान अल्टिमा. म्हणजे पुढचे दोघं विजयासाठी झुंजत असताना समोर मागे पडलेली सुपर३ येऊ शकते. बाथर्स्टच्या डोंगरावर ती ओलांडायची कुठे, हा प्रश्नच असतो.

---

सँडाउनशेजारी | २२ जानेवारी

मेलबर्नहून. काका, रणजीची उपमा मला पटत नाही. रणजीत बॅट तीच, चेंडू जवळपास तोच, खेळपट्टी बावीस यार्डांचीच. इथे पोरं शिकतात एका गाडीवर आणि वर गेल्यावर मिळते दुसरीच.

२०२३ पासून मुख्य मालिका गेन३ झाली, मस्टँग आणि कॅमारो. सुपर२ मध्ये मात्र गेन२, म्हणजे जुनी मस्टँग आणि होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीची झेडबी कमोडोर. दोन्ही व्ही८, दोन्हींना मागच्या चाकांची ओढ, दोन्हींत हाताने ओढायचा गिअर. तरी चालवायला फार वेगळ्या. गेन२ ला डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) भरपूर. वेगवान वळणात गाडी रस्त्याला चिकटून राहते आणि ड्रायव्हर तिच्यावर भरवसा टाकतो. गेन३ मध्ये डाउनफोर्स मुद्दाम कापला, मागच्या गाडीला जवळ येता यावं म्हणून. परिणाम असा की सुपर२ मध्ये ज्या वेगाने वळणात शिरायची सवय लागली, त्या वेगाने वर शिरलं तर गाडी सरळ बाहेर. दोन वर्षं घोटवलेली सवय मोडायची आणि तीही टीव्हीसमोर.

म्हणून माझं मत : सुपर२ मध्ये स्पर्धा शिकायला मिळते, गाडी नाही. पात्रता फेरीत एका फेऱ्यात सगळं ओतणं, सुरुवातीच्या गर्दीत नाक वाचवणं, इंजिनियरला नेमकं काय सांगायचं ते कळणं. यासाठी शाळा उत्तम.

गेल्या सप्टेंबरात सँडाउनला गेलो होतो. घोड्यांच्या रेसकोर्सभोवती फिरणारा ट्रॅक आहे हा, सँडाउन पार्क स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. मुख्य संघ पक्क्या गॅरेजात, सुपर२ वाले मागे पॅडॉकमध्ये तंबूत. तिथे तुम्ही अगदी दोरीपर्यंत जाऊ शकता. एका तंबूत पोरगा, वय असेल एकोणीस-वीस, हेल्मेट बाजूला ठेवून स्वतःच टायरवरचे रबराचे गोळे खरवडत होता. पलीकडे एक बाई, आई असावी, डब्यातून सँडविच काढून मेकॅनिकना वाटत होती. मुख्य मालिकेच्या गॅरेजात हे दृश्य मिळणार नाही.

---

स्लिक्स | २२ जानेवारी

सँडाउनशेजारी, +१. शेवटच्या परिच्छेदासाठी अजून एक +१.

---

टॉरेन्सकाठ | २३ जानेवारी

ॲडलेडहून माझा प्रतिसाद. मला गाड्यांच्या तांत्रिक गोष्टींतलं फार कळत नाही, पण होल्डनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही इथे आलो तेव्हा शेजारचे आजोबा इथल्या एलिझाबेथ उपनगरातल्या होल्डन कारखान्यातून निवृत्त झालेले होते. २० ऑक्टोबर २०१७ ला तो कारखाना बंद झाला. २०२० च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने होल्डन हे नावच गुंडाळायचं जाहीर केलं. मुख्य मालिकेत होल्डन शेवटची धावली ती इथेच, आमच्या ॲडलेडला, डिसेंबर २०२२ मध्ये. त्या दिवशी गर्दीत मोठमोठे दाढीवाले बाप्ये रडताना पाहिले आहेत मी.

आजोबांना वाटलं संपलं सगळं. मी त्यांना सांगितलं की सुपर२ बघा, तिथे कमोडोर अजून आहे. गेल्या नोव्हेंबरात ते मुद्दाम सकाळी लवकर आले आणि सुपर२ ची शर्यत बघून मुख्य शर्यतीच्या आधीच घरी गेले! "कॅमारो बघायला मी तिकीट काढलेलं नाही," म्हणे.

गंमत अशी की शोरूममधली झेडबी कमोडोर इथली नव्हतीच. ती जर्मनीत बनलेली ओपेल इन्सिग्निया, होल्डनचं चिन्ह लावून आलेली. तिच्यात व्ही८ मिळतच नव्हतं. शर्यतीची झेडबी म्हणजे तिचं फक्त कातडं. आजोबांना हे सगळं माहीत आहे, पण त्यांना चालतं.

ॲडलेडची शर्यत २०२० मध्ये रद्द केली होती, २०२२ मध्ये राज्य सरकार बदललं आणि ती परत आली. यंदाही हंगामाचा शेवट इथेच आहे. तेव्हा विजेतेपद इथपर्यंत जिवंत ठेवा रे बाबांनो, आठव्या वळणावर काय वाट्टेल ते होऊ शकतं.

---

लेथवाला | २३ जानेवारी

ताई, आजोबांना आमचा नमस्कार सांगा.

---

फुकटचा_पंडित | २४ जानेवारी

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून जरा मीठ टाकतो.

मास्तरांनी यादी दिली विंटरबॉटम, मॅक्लॉक्लिन, वॉटर्स, फीनी. ज्यांचं भलं झालं त्यांचीच नावं. आता माझी यादी. २०१८ चा विजेता क्रिस पिदर : पुढच्या वर्षी पूर्णवेळ जागा नाही. २०२२ चा डेक्लन फ्रेझर : टिकफर्डने २०२३ ला वर घेतलं, आणि यंदा संघ चारवरून दोन गाड्यांवर आला तर याची जागा गेली. एका हंगामात खेळ खलास. २०१७ चा टॉड हेझलवूड : पाच वर्षं मुख्य मालिकेत काढली, गेल्या वर्षीपासून पूर्णवेळ जागा नाही. आणि २०२३ चा विजेता, तुमचा लाडका काय ॲलन? जिंकून परत त्याच वर्गात बसलाय.

उलट गेल्या वर्षीच्या सुपर२ मधून वर कोण गेला? रायन वूड. न जिंकता. वॉकिन्शॉ अँड्रेटीने त्याला निक पर्काटच्या जागी घेतलं. तेव्हा विजेतेपदाला काडीची किंमत नाही. संघमालकाच्या डोळ्यात भरणं महत्त्वाचं. हा हंगाम कोण जिंकतो याचा काथ्याकूट कशाला मग?

---

टॉर्कमास्तर | २४ जानेवारी

पंडित, मीठ चवीपुरतं टाका हो.

फीनी जिंकला आणि निवृत्त झालेल्या जेमी व्हिंकपची गाडी त्याला मिळाली. गाडीच नव्हे, ८८ नंबरसुद्धा. २०१९ चा ब्राइस फुलवूड दुसऱ्याच वर्षी वॉकिन्शॉकडे गेला आणि अजून मुख्य मालिकेत आहे. थॉमस रँडल घ्या. २०२० च्या सुरुवातीला अंडाशयाचा नव्हे, वृषणाचा कर्करोग निघाला (फोन स्वतःच शब्द बदलतो, शिंचा), शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी कोविडने हंगाम छाटला, आणि त्याच वर्षी हा गडी जिंकला. केमोथेरपी हंगामानंतर घेतली. आज टिकफर्डने ठेवलेल्या दोन गाड्यांपैकी एक त्याची आहे. त्या विजेतेपदाला काडीची किंमत, असं त्याला जाऊन सांगा.

काय ॲलनचं वय बघा. एप्रिलमध्ये एकोणीस पूर्ण होतील. वर्षभर थांबला तर बिघडलं काय?

---

सँडाउनशेजारी | २४ जानेवारी

दोघंही अर्धे बरोबर. मुळात मुख्य मालिकेत गाड्याच जेमतेम दोन डझन. त्यातल्या वर्षाला दोन-तीन जागा मोकळ्या होतात, कधी त्याही नाहीत. दार उघडण्याची वेळ ड्रायव्हरच्या हातात नसते. पिदर जिंकला तेव्हा दार बंद होतं, फीनी जिंकला तेव्हा व्हिंकप निवृत्त होत होता. वूडचं तसंच, पर्काटची जागा रिकामी झाली तेव्हा तो संघाच्याच सुपर२ गाडीत बसलेला होता.

म्हणून यंदा मी गुणतक्त्यापेक्षा हे बघणार आहे की कोण कुठल्या मुख्य संघाच्या अंगणात आहे. बेट्स वॉकिन्शॉच्या घरातला. सरळ टोयोटा ८६ च्या शर्यतींमधून वर आला, कॅनबराचा. त्याचं सुपर२ मधलं हे दुसरं वर्ष. बाथर्स्टला दोनदा जायचं आहे आणि त्याने तो डोंगर आधी पाहिलाय. मला तो धोकादायक वाटतो.

पंडितांना एक मुद्दा फुकट देतो : २०१४ मध्ये सुपर२ (तेव्हाची डनलॉप सिरीज) पॉल डम्ब्रेलने जिंकली. तो २००२ चा विजेता, शिवाय दोनच वर्षांपूर्वी व्हिंकपबरोबर बाथर्स्ट १००० ही मुख्य मालिकेची मोठी शर्यत जिंकलेला. पोरांच्या शाळेत प्राध्यापक परीक्षेला बसला!

---

फुकटचा_पंडित | २४ जानेवारी

मुद्दा घेतला. आभार मानणार नाही.

---

मिसळ_आणि_मोटर | २६ जानेवारी

प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा. तिकडे आज ऑस्ट्रेलिया डे, म्हणजे दोन्हीकडे सुट्टी.

माझी शंका जरा बाळबोध आहे. यूट्यूबवर गाडीच्या आतला व्हिडिओ बघत होतो. संथ वळणात ड्रायव्हर स्टिअरिंग भरपूर वळवतो, तरी गाडी सरळ जायला बघते. मग तो आतल्या कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) गाडी चढवतो आणि एकदम वळते. हे काय गौडबंगाल?

---

लेथवाला | २६ जानेवारी

याचं उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातलं आहे म्हणून लिहितो. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, गिअर आणि शाफ्टची कामं करतो.

तुमच्या-माझ्या गाडीत मागे (किंवा पुढे) डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर जातं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम. सुपरकार्समध्ये, सुपर२ मध्येही, तिथे स्पूल असतो. म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच सलग दांड्यावर वेल्डिंग केल्यासारखी जखडलेली. जेवढे फेरे बाहेरच्याचे तेवढेच आतल्याचे. वळणात आतल्या चाकाला कमी जायचं असतं पण ते जाऊ शकत नाही, मग घासतं. ते घासणारं चाक गाडीला सरळ ढकलत राहतं.

उपाय एकच : आतल्या मागच्या चाकावरचं वजन काढून घ्यायचं. चाक हलकं झालं की घासणं कमी, गाडी वळते. ब्रेक सोडण्याच्या पद्धतीने ते थोडं होतं, सस्पेन्शनच्या जुळवणीने थोडं होतं, आणि कर्बवर टेकवूनही होतं. तुम्ही पाहिलंत ते हेच. कर्ब जास्त खाल्ला तर गाडी उडते, कमी खाल्ला तर वळत नाही. दर फेऱ्याला तोच अंदाज, इंचाचा खेळ.

जखडलेल्या धुऱ्याची गाडी नुसती हाताने ढकलून वळवली तरी मागचं चाक फरशीवर कुरकुरतं. फायदा? वळणातून बाहेर पडताना दोन्ही चाकं एकदम जोर लावतात, एक चाक नुसतं गरगरत नाही. स्वस्त, मजबूत, मोडायला काही नाही. आणि ६०० च्या वर अश्वशक्ती.

शिवाय ऑटो-ब्लिप नाही. खालचा गिअर टाकताना इंजिनचे फेरे पायानेच वाढवायचे. ब्रेक दाबलेला, त्याच पायाच्या कडेने थ्रॉटलला टिचकी, एक हात गिअरच्या दांड्यावर, एक स्टिअरिंगवर. बाथर्स्टला हे कॉनरॉड स्ट्रेटच्या शेवटी तीनशेच्या आसपासच्या वेगातून उतरताना करायचं. सँडाउनशेजारी म्हणतात गाडी शिकायला मिळत नाही, ते मला मान्य नाही. स्पूल आणि टाच दोन्ही वर तशीच आहेत. डाउनफोर्स बदलला असेल, पाय तोच लागतो.

---

मिसळ_आणि_मोटर | २६ जानेवारी

वा! वाचनखूण साठवली. पुन्हा तो व्हिडिओ बघतो आता.

---

सँडाउनशेजारी | २७ जानेवारी

लेथवाले, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. संथ वळणांपुरतं मान्य. मॅकफिलामीसारख्या वेगवान वळणापुरतं नाही.

---

कोल्हापुरी_कार्टवाली | ३० जानेवारी

खूप दिवसांपासून वाचते आहे, पहिल्यांदाच लिहिते.

माझा भाचा आमच्याकडे मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करतो, तेरा वर्षांचा आहे. त्याच्या डोक्यात हल्ली फॉर्म्युला वगैरे नाही, छप्पर असलेल्या गाड्याच आहेत. "मावशी, सुपर२ ला इथून जाता येतं का?" असं विचारतोय. काय सांगू?

---

टॉर्कमास्तर | ३० जानेवारी

स्वागत, ताई. पोराला नाउमेद करायचं नाही, पण खरं सांगावं. सुपर२ मध्ये ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःचे किंवा प्रायोजकाचे पैसे घेऊन येतो. संघ पगार देत नाही, संघ बिल देतो. ते ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. न्यूझीलंडची पोरं येतात, मॅक्लॉक्लिन, पेन, वूड, पण त्यांचं कार्टिंगपासूनचं सगळं जग शेजारीच आहे.

आधी इथलं बघा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन टूरिंग कारचा वर्ग आहे. चाकणच्या कारखान्यातल्या पोलोंचा कप २०१० ला सुरू झाला तेव्हा कितीतरी कार्टिंगवाले पहिल्यांदा छपराखाली आले होते. चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत कार्टिंगच करू द्या. स्टिअरिंगवरचा हात तिथेच बसतो.

---

लेथवाला | ३० जानेवारी

आणि ताई, कार्टलाही डिफरन्शियल नसतं. मागचा एकच सलग धुरा. आतलं चाक उचलल्याशिवाय कार्ट वळत नाही. तुमचा भाचा स्पूलवर आत्ताच शिकतोय, त्याला सांगा!

---

कोल्हापुरी_कार्टवाली | ३१ जानेवारी

हे वाचून दाखवलं. आज शाळेत सगळ्यांना "स्पूल, स्पूल" सांगत सुटलाय. :)

---

रात्रपाळी | ८ फेब्रुवारी

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित, दरवर्षी कोणीतरी विचारतंच :

बाथर्स्ट दोन्ही वेळा आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे. तिकडे सकाळचे अकरा म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच. पर्थ फक्त अडीच तास पुढे, म्हणजे चहा घेऊन निवांत. टाउन्सव्हिल आणि सँडाउन साडेचार तास. ॲडलेड नोव्हेंबरात पाच तास. सुपर२ ची शर्यत बहुधा मुख्य शर्यतीच्या आधी असते, तेव्हा गजर त्या हिशोबाने लावा.

जाता जाता, परदेशी प्रेक्षकांसाठी सुपरव्ह्यू ही ऑनलाइन प्रक्षेपणाची सेवा आहे. मागच्या वर्षी माझ्या बँकेने पैसे कापले आणि सदस्यत्व काही मिळालं नाही, आठवडाभर फोन करत होतो. या वेळी आदल्या आठवड्यातच भरा, शनिवारी पहाटे नको.

---

कोथरूडचा_काका | ८ फेब्रुवारी

साडेपाच म्हणजे माझी पर्वती चढायची वेळ. मोबाइलवर बघत चढेन म्हणतो. डोंगर तिकडेही, डोंगर इकडेही.

---

टॉरेन्सकाठ | ८ फेब्रुवारी

काका, पायऱ्या बघून चढा!

---

फुकटचा_पंडित | १९ फेब्रुवारी

मंडळी, माझ्या यादीतलं एक नाव मीच खोडतो आणि ठळक करून परत लिहितो.

गेल्या वर्षीचा मुख्य मालिकेचा विजेता ब्रोडी कोस्टेकी बाथर्स्टला धावणार नाही. इरेबसने त्याच्या गाडीत बसवलंय टॉड हेझलवूडला. तोच, २०१७ चा सुपर२ विजेता, ज्याला पूर्णवेळ जागा नव्हती. विजेत्या संघाची गाडी, हंगामाची पहिलीच शर्यत, आणि तयारीला मोजके दिवस.

---

सँडाउनशेजारी | १९ फेब्रुवारी

आणि तो का सापडला? कारण त्याच्याकडे सुपरलायसन्स आहे, बाथर्स्टचा अनुभव आहे, आणि फोन केला की येणारा माणूस आहे. अशा वेळी संघाला नवखा चालत नाही. २०१७ मध्ये मॅट स्टोन रेसिंगबरोबर जिंकला, २०१८ ला तोच संघ त्याला घेऊन वर आला. काडीच्या किमतीवर अजून काही बोलायचंय का पंडित?

---

फुकटचा_पंडित | १९ फेब्रुवारी

बोलायचंय. पाच वर्षं वर काढूनही तो अजून दुसऱ्याच्याच खुर्चीत बसतोय. कोस्टेकी परत आला की उठावं लागेल. माझा मुद्दा जिथल्या तिथे.

---

टॉर्कमास्तर | २० फेब्रुवारी

भांडण पुढच्या पानावर न्या, आता अंदाज सांगा. शुक्रवारपासून बाथर्स्ट.

माझा : विजेतेपद काय ॲलन. सलग दुसऱ्यांदा जिंकणं सोपं नाही, पण शर्यती कमी असल्या की आपटत नाही तो पुढे राहतो, आणि गाडी सांभाळून आणायचं डोकं त्याला वयाच्या मानाने फार लवकर आलंय.

---

सँडाउनशेजारी | २० फेब्रुवारी

बेट्स. कारणं वर दिली आहेत.

---

लेथवाला | २० फेब्रुवारी

कूपर मरे. पोर्शे करेरा कपमधून आलाय. ज्याने पोर्शे ९११ ची शेपटी सांभाळली त्याला कमोडोरची काय धास्ती?

---

मिसळ_आणि_मोटर | २० फेब्रुवारी

मला नावं अजून नीट माहीत नाहीत. जो कर्ब नीट खाईल तो.

---

टॉरेन्सकाठ | २१ फेब्रुवारी

आजोबांना विचारलं. त्यांनी एकही नाव घेतलं नाही, "एनी कमोडोर" एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे शर्यत कुठे दिसेल ते लिहून मागितलं. कायो ही स्ट्रीमिंग सेवा लावून देते आज त्यांच्या टीव्हीवर.

---

कोल्हापुरी_कार्टवाली | २१ फेब्रुवारी

आमच्याकडून भाच्याचं मत काय ॲलन, कारण तो वयाने सगळ्यात जवळचा! शनिवारी सकाळी साडेपाचला उठवायला सांगितलंय. शाळेसाठी सातला उठत नाही.

---

रात्रपाळी | २१ फेब्रुवारी

ताई, वेळ नक्की बघून घ्या, साडेपाच मी उदाहरण म्हणून लिहिलं होतं. पोराला उगीच उठवाल आणि शिव्या मला मिळतील.